एकाच पोराचं गाव

इस्रायलहून परतलो त्या रात्री वडिलांनी ठिबकबद्दल काही विचारलं नाही. टोमॅटोचा उतारा, तिकडच्या गायींचं दूध, विमानात काय खायला दिलं, काहीच नाही. जेवणं झाल्यावर ओट्यावर बसून सुपारी कातरता कातरता त्यांनी एकच प्रश्न केला, "तिकडं वाटण्या कशा होत्यात रे?"

आमचं गाव प्रवरेच्या पाटावर. आजोबांच्या नावावर 32 एकर होतं. चार भावांत वाटण्या झाल्या, वडिलांकडे आठ आलं. आम्ही दोघे भाऊ, म्हणजे माझे चार. आत्यांनी हक्कसोड लिहून दिली; ती कशी लिहून दिली हा वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि तो लिहायची माझी छाती नाही. मला दोन मुलं. पुढचं गणित मी मुद्दाम करत नाही. तुकडेबंदीचा कायदा 1947 पासून आहे, तरी सातबाऱ्याची पानं वाढत गेली. राज्यातल्या खातेदाराची सरासरी जमीन 1970-71 च्या कृषिगणनेत 4.28 हेक्टर होती, 2015-16 मध्ये ती 1.34 वर आली. आमच्या शिवारात उभं राहिलं की हा आकडा वाचावा लागत नाही. जिथे आजोबांचा एक बांध होता तिथे आता सात आहेत, आणि प्रत्येक बांध दोन्हीकडून दरवर्षी थोडा थोडा कोरला जातो.

मी म्हटलं, "तिकडं वाटणीच होत नाही. एकाच पोराला मिळतं."

अडकित्ता थांबला. "आन् बाकीची?"

त्या 'बाकीच्यां'साठी थोडं मागे जावं लागेल.

आमच्या अभ्यासदौऱ्यात द्राक्षवाले जास्त, दोन डाळिंबवाले आणि विकास सोसायटीचे एक निवृत्त सचिव, ज्यांना सगळे नुसतं 'सचिव' म्हणत. सगळ्यांचं मन लागलं होतं हात्झेरीमला. बिअर शेवाच्या पश्चिमेला असलेल्या या किबुत्झात 1965 साली ठिबकचा कारखाना निघाला. त्यामागचा अभियंता सिम्हा ब्लास याचं नाव आमच्यातल्या एकाला मराठी शाळेतल्या कवितेसारखं पाठ होतं. माणसाने देवाचं ठिकाण पाहावं तसे आम्ही तिथे गेलो. पांढरी, खारट माती. हे खार पाण्याने धुऊन काढता काढता गाव सोडायची पाळी आली होती, असं सांगण्यात आलं. तिथेच कळलं की हे गाव एका रात्रीत बसलं. 1946 सालच्या ऑक्टोबरात, योम किप्पूरचा उपास सुटला त्या रात्री, नेगेवच्या वाळवंटात एकदम 11 वस्त्या उभ्या केल्या गेल्या. इंग्रजांनी नव्या वसाहतींवर बंधनं घातली होती, म्हणून उजाडायच्या आत खांब रोवून, तंबू ठोकून, कुंपण घालून मोकळं व्हायचं. हात्झेरीम त्या अकरातलं एक. दुसरं एक होतं नेवातीम.

नेवातीम आमच्या कार्यक्रमात नव्हतं. ते घडवलं मावशींनी.

मावशी आमच्या दुभाषी. राहायला दिमोनाला, जन्म अलिबागच्या इस्रायल आळीतला. साठच्या दशकात लहानपणी आईबापांबरोबर गेलेल्या. त्यांचं मराठी तेव्हा थांबलं ते तिथेच थांबलेलं. रेवसहून मुंबईला 'आगबोटीने' जायचं, आजारी माणूस 'इस्पितळात' असायचा. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "संध्याकाळी मशिदीत जायचं मला, तुम्ही जेवून घ्या रे," आणि आमचे दोघे-तिघे एकमेकांकडे पाहू लागले. मग त्यांनीच सांगितलं, कोकणातले बेने इस्रायल आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत आले. नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांची ती गोष्ट आम्हाला ऐकून माहीत होती. घाण्याला बैल जुंपणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली' हे नावही. रोहेकर, पेणकर, चेऊलकर अशी आडनावं त्या दिमोनाच्या बाजारात ऐकवत होत्या. डब्यातून आणलेल्या मलिद्यात गोड पोहे, खोबरं आणि तिकडचे खजूर होते. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक तिथून निघतं, त्याचा एक अंक त्यांनी पर्समधून काढून दाखवला आणि परत ठेवून दिला. मागायची कुणाला हिंमत झाली नाही.

"तुमच्या लोकांनी शेती नाही केली?" मी विचारलं.

"आमची माणसं गिरण्यांतली, रेल्वेतली, हापिसातली. आम्हाला शहरं मिळाली. तीही कसली, सुरुवातीला नुसते पत्रे." खिडकीबाहेर बोट दाखवत त्या म्हणाल्या, "शेती मिळाली ती कोचीनकरांना. चल, दाखवते."

कोचीनचे ज्यू 1954-55 च्या सुमारास निघाले तेव्हा जेमतेम अडीच हजारांच्या आतबाहेर होते. त्याआधी बरीच वर्षं त्यांना थांबवून ठेवलं होतं. हत्तीपायाचा रोग ते बरोबर आणतील अशी तिकडच्या आरोग्यखात्याला धास्ती होती. अखेर आले. त्या काळात नव्या देशाची घाई अशी की बोटीतून उतरलेल्याला छावणीत न ठेवता थेट गावात नेऊन सोडायची योजनाच होती. दुकानदार, मासळीवाला, अंडी विकणारा, कुणीही असो, हातात घराची किल्ली आणि कुदळ. नेवातीम तेव्हा ओस पडलेलं होतं. 1946 च्या रात्री आलेले पहिले रहिवासी निघून गेले होते. तिथे, आणि मेसिलात सियोन, ताओझ, कफार युवाल अशा गावांत, मलबारची माणसं शेतकरी म्हणून वसवली गेली.

नेवातीम म्हणजे हिब्रूत 'कोंब'.

ज्यांच्या घरी आम्ही गेलो ते गृहस्थ दहा वर्षांचे असताना चेन्नमंगलमहून आले होते. पांढरा सदरा, पायात साधी चप्पल, आणि दारात आम्हाला पाहिल्याबरोबर हात जोडले. हा नमस्कार साठ वर्षांत मोडला नव्हता. ते हिब्रूत बोलायचे, मावशी मराठीत सांगायच्या, आणि मधूनच एखादा मल्याळी शब्द आला की दोघेही हसून सोडून द्यायचे. रात्री ट्रकमधून आणलं, ते सांगत होते. सकाळी आई दार उघडून बाहेर आली आणि झाड शोधू लागली. एकही नव्हतं. कोचीला वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस, बिअर शेवाला दोनशेच्या आसपास. "पहिली दोन वर्षं आई पावसाळा कधी लागतो हे विचारायची," ते म्हणाले, "आणि आम्ही सांगायचो, लागेल."

शेती शिकवायला एक 'मद्रिख' असे. म्हणजे मार्गदर्शक, पण त्याचं काम आमच्याकडच्या ग्रामसेवक, कृषी सहायक, सोसायटीचा सचिव आणि थोडासा सासरा अशा सगळ्यांचं मिळून. काय पेरायचं, कोंबड्या किती ठेवायच्या, खत कधी टाकायचं, सगळं त्याच्या वहीत. गिल्बर्ट कुशनर या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने अशाच एका कोचीनी गावाचा अभ्यास करून 1973 मध्ये पुस्तक काढलं, त्याच्या नावातच 'प्रशासित' या अर्थाचा शब्द आहे. लोकांनी स्वतः उभा केलेला सहकार आणि लोकांवर उभा केलेला सहकार यांच्यातलं अंतर त्या एका शब्दात आहे. आमच्या भागाला हे अंतर नीट कळतं. विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून शेअरचे पैसे गोळा करत होते, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ पाठीशी उभे राहिले, आणि 1950 मध्ये प्रवरेचा साखर कारखाना सुरू झाला. आजोबांनी त्या शेअरसाठी एक गोऱ्हा विकला होता, तो कोणत्या रंगाचा होता हे अजून आमच्या घरात सांगितलं जातं. वरून आलेल्या योजनांच्या गोऱ्ह्यांचे रंग कुणाला आठवत नाहीत.

पण मोशावची, म्हणजे नेवातीमसारख्या सहकारी शेतकरी गावाची, मूळ कल्पना वरून आलेली नव्हती, हेही खरं. त्यासाठी दोन दिवस आधी आम्ही उत्तरेत नाहलाल पाहिलं होतं. 1921 च्या सप्टेंबरात वसलेलं हे पहिलं मोशाव. किबुत्झमध्ये सगळंच सामाईक, जेवणाचा हॉलसुद्धा; त्याला कंटाळलेल्या काही लोकांनी म्हटलं, घर आपलं, बायको-मुलं आपली, शेत आपण करू; खरेदी-विक्री तेवढी एकत्र आणि अडल्यानडल्याला गाव धावेल. जमीन राष्ट्रीय निधीची, ती भाड्याने. मजूर लावायचा नाही, स्वतः राबायचं. वास्तुरचनाकार रिचर्ड कॉफमन याने गाव गोल आखलं. टेकडीवरून पाहिलं तर बैलगाडीचं चाक आडवं टाकल्यासारखं. मधल्या तुंब्यात शाळा, दुकान, दूधसंकलन. भोवती घरांचं कडं. घरामागून बाहेर पसरत गेलेली शेतं म्हणजे आरे. 80 कुटुंबं, सगळ्यांना सारखी, पंचवीस एकरांच्या आसपास. आमच्यातले द्राक्षवाले फोटो काढून दमले. मलाही ते सुंदर वाटलं, पण उतरताना मनात खटकलं ते वेगळंच. आमचं गाव वडाच्या झाडासारखं वाढतं, जिथे पारंबी टेकेल तिथे नवं खोड. चाकाला नवा आरा घालता येत नाही. हा आकार काढला त्या दिवशीच ठरलं की दुसऱ्या पोराला इथे जागा नाही.

नेवातीमला चाक नव्हतं, साधा रस्ता आणि दोन्ही बाजूंना घरं. नियम मात्र तोच. शेताचा तुकडा पाडायचा नाही. आईबापांनी एक वारस नेमायचा, त्याला हिब्रूत 'पुढे चालवणारा मुलगा' अशा अर्थाचा शब्द आहे. त्याने त्याच आवारात दुसरं घर बांधायचं, म्हातारे पहिल्या घरात. बाकीच्यांनी आपापला रस्ता धरायचा.

आमच्या यजमानांना तीन मुलगे, एक मुलगी. "कुणाला नेमलं?" मी विचारलं. मनात होतं, थोरल्याला, नाहीतर आईच्या लाडक्या धाकट्याला.

मावशींनी विचारलं. ते काही वेळ बोलले नाहीत. मग दोनच शब्द. मावशी म्हणाल्या, "जो गेला नाही त्याला."

मधला. थोरला तेल अवीवकडे, धाकटा कॅनडात, मुलगी बिअर शेवात शिक्षिका. वर्षातून एकदा सगळे येतात, जेवतात, आणि जेवण झाल्यावर मधल्याच्या बायकोकडे आणि भिंतींकडे आळीपाळीने बघतात. हे त्यांनी सांगितलं नाही, मावशींनी नंतर बसमध्ये सांगितलं, आणि लगेच म्हणाल्या, "कुणाला लिहू नको हो." मी दहा वर्षं थांबलो; आणि नाव कुठे लिहितोय?

मधल्याचंही शेत आता नावाला. तो सकाळी गाडी काढून शहरात नोकरीला जातो. कोंबड्यांच्या शेडपैकी एक भाड्याने दिलेली, दुसरीत भंगार. देशभरातल्या शेतांत नव्वदच्या दशकापासून थायलंडची माणसं काम करतात. 'स्वतः राबायचं' हे कलम कुणी रद्द केलं नाही, ते आपोआप मिटलं. बऱ्याच मोशावांत गावालगत नवी वस्ती वाढवायला परवानगी मिळाली. तिथे शेतीशी संबंध नसलेले लोक बंगले बांधतात, सकाळी कुत्री फिरवतात, आणि कोंबडखताचा वास येतो म्हणून तक्रार करतात.

सचिव इतका वेळ गप्प होते. आता त्यांनी विचारलं, "कर्जाला जामीन कोण?"

"सगळं गाव," मावशी म्हणाल्या.

सचिवांनी खुर्ची पुढे ओढली. त्यानंतरचा अर्धा तास इतरांना चहा मिळाला आणि सचिवांना मोक्ष. व्यवस्था अशी: बियाणं, खाद्य, कर्ज हे सगळं गावाच्या संस्थेमार्फत यायचं, माल संस्थेमार्फत जायचा, हिशोब एकाच खात्यात. एकाचं देणं थकलं तर ते सर्वांचं. पहिली तीस वर्षं हे चाललं, कारण सगळेच सारखे गरीब होते. 1984 मध्ये महागाई 400 टक्क्यांच्या वर गेली. 1985 मध्ये सरकारने ती दाबली तशी व्याजं न पेलणारी झाली, आणि मोशावं एकामागून एक बुडाली. ज्याने आयुष्यात कधी हप्ता चुकवला नाही तो शेजाऱ्याच्या हरितगृहाचं कर्ज मानेवर घेऊन बसला. 1992 मध्ये कर्जाच्या तडजोडीसाठी खास कायदा करावा लागला. तोवर लोक संस्थेतून पळ काढून स्वतंत्र व्यापाऱ्याला माल घालू लागले होते.

"आमच्याकडं नवं-जुनं करत्यात," सचिव मावशींना समजावू लागले. मार्चअखेरीला जुनं कर्ज भरल्याचं दाखवायचं आणि त्याच दिवशी नवं उचलायचं, म्हणजे कागद स्वच्छ आणि कर्ज जिथल्या तिथे. मावशींना ते हिब्रूत सांगताना बरेच कष्ट पडले. म्हातारबांना कळलं तेव्हा ते इतके मोठ्याने हसले की आतून सून बघायला आली.

घरामागे त्यांनी एक झाड दाखवलं. कढीपत्ता. छातीएवढा, ठिबकची नळी बुंध्याशी वेढलेली. हिवाळ्यात तो पोत्याने झाकतात. मावशींनी न विचारता मूठभर पानं तोडली आणि पर्समध्ये, 'मायबोली'च्या अंकाशेजारी ठेवली. गावातलं कोचीनी धाटणीचं प्रार्थनास्थळ आणि लहानसं संग्रहालयही आम्ही पाहिलं. पितळी दिवे, जुने फोटो, मुंडू नेसलेल्या बायका. सुंदर होतं. पण मला आजही डोळ्यांपुढे येते ती मावशींची मूठ.

परतताना रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या वस्त्या लागल्या. मेंढरं, प्लास्टिकच्या टाक्या, ना विजेचा खांब ना नळ. मी विचारलं, हे कुठलं गाव? मावशी म्हणाल्या, "बदावी लोक. गाव आहे पण नकाशात नाही." नंतर वाचलं. 1948 च्या युद्धात आणि त्यानंतर नेगेवमधले बहुतेक बदावी निघून गेले किंवा घालवले गेले. उरलेल्यांना बिअर शेवाच्या बाजूच्या एका पट्ट्यात गोळा करून 1966 पर्यंत लष्करी अंमलाखाली ठेवलं. अशा डझनावारी वस्त्यांना अजून सरकारी मान्यता नाही. बसमध्ये आमच्या डोळ्यांपुढे सारख्या मापाचे आखीव भूखंड होते, आणि 'असं आपल्याकडे का होत नाही' ही चर्चा रंगात आली होती. मी दोन्हीकडे पाहत बसलो. सारखे तुकडे पाडता येतात ते जमीन कोरी धरली तर. आमच्याकडे कुठलाच नकाशा कोरा नाही. प्रत्येक गटनंबरावर आजा-पणज्याची खूण, कुणाची वहिवाट, कुणाचा म्हसोबा. आणि खरं तर त्यांचाही नकाशा कोरा नव्हता. चेन्नमंगलमहून आलेल्या त्या बाईला, पहाटे दार उघडून झाड शोधणारीला, हे कुणी सांगितलं नसणार. तिला किल्ली मिळाली, ती आत गेली.

मावशींचे सणावाराला निरोप येतात. नेवातीम हे नाव आता बातम्यांत येतं ते गावामुळे नाही, शेजारच्या हवाई तळामुळे. 2024 च्या ऑक्टोबरात इराणची क्षेपणास्त्रं त्या तळावर पडली तेव्हा मी घाबरत घाबरत विचारलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, मराठीत, एक काना जास्त देऊन: 'सगळे बरे. म्हातारे पण बरे. कढीपत्ता पण.'

त्या रात्री ओट्यावर मी वडिलांना यातलं बरंच सांगितलं. कुणाला नेमलं, कसं नेमलं, थोरला कुठे, धाकटा कुठे. जो गेला नाही त्याला, हेही सांगितलं. माझा भाऊ पुण्याला असतो. मी गेलो नाही. वडिलांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि बराच वेळ चघळत राहिले.

"त्या माणसाला विहीर होती का?"

"नाही. पाणी नळाने येतं, लांबून."

"मंग जमतंय त्याला," ते म्हणाले.

बत्तीस एकरांचे चार भाग झाले, चारांचे सात झाले. विहीर एकच राहिली. तिचे तुकडे पाडता येत नाहीत, म्हणून सातबाऱ्यावर 'विहिरीत 1/4 हिस्सा' असं लिहिलेलं आहे आणि पाण्याची पाळी वारांनी ठरलेली आहे. थोरल्या चुलत्यांशी बांधावरून आमचं बोलणं बंद होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. वडिलांच्या फोनची रिंग वाजली. पलीकडून चुलत्यांचाच आवाज, ना नमस्कार ना चमत्कार: "लाइट आली. तुमची पाळी हाय." फोन बंद.

वडिलांनी खुंटीवरची बॅटरी काढली, चपला शोधल्या आणि अंधारात विहिरीकडे निघाले.